झिजेचा हिशेब : रोटरी इंजिनाचा जीर्णोद्धार

पेढीवर दिवाळीस वहीपूजन होते. त्यापूर्वी मागील वर्षाचा ताळेबंद मांडला जातो. येणे किती, देणे किती, बुडीत किती हे ठरते, आणि मगच नव्या वहीचे पहिले पान उघडले जाते. यंत्राच्या पुनर्बांधणीसही हाच क्रम लागू आहे. जुन्या झिजेचा हिशेब मांडल्यावाचून नव्या भागांवर पैसा घालणे म्हणजे ताळेबंद न करता नवी वही घालण्यासारखे होय. यंदाच्या स्मरणिकेत हा विषय रोटरी इंजिनाच्या उदाहरणाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे. यंत्राचे सुटे भाग, बेअरिंगे, रबरी कड्या आणि हत्यारे यांचा व्यवहार आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्यांवर चालतो. आणि ज्यांच्या घरी तो चालत नाही, त्यांच्याही घरी पीठगिरणी, पंप अथवा मोटार असतेच. तेव्हा हा पाठ सर्वांस उपयोगी पडावा.

१. विषयाचे निमित्त

आमच्या हैदराबाद शहरास इंजिनाच्या निगेची ओळख नवी नाही. नामपल्लीचे रेल्वेस्थानक १९०७ सालचे. १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी प्रवासी मोटारसेवा सुरू केली, तेव्हापासून इंजिन उघडणे, बोअर करणे, रिंगा बदलणे हे शब्द येथील कारागिरांच्या तोंडी रुळले. परंतु हे सारे ज्ञान पिस्टनच्या इंजिनाचे. रोटरी इंजिन येथे क्वचितच दृष्टीस पडते.

असे एक इंजिन आमच्या पाहण्यात आले ते पुढील प्रसंगाने. आमच्यातील एका कुटुंबाचा मुलगा अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात शिकत होता. त्याने व त्याच्या तीन सहाध्यायांनी वर्षभराची शिल्लक एकत्र करून, परदेशातून आलेले दोन रोटरचे जुने मॅझदा इंजिन परगावच्या एका विक्रेत्याकडून विकत घेतले. बिलावर एकच ओळ होती : ‘इंजिन, ओव्हरहॉल केलेले.’ बाहेरून त्यास नवा रंग होता, बोल्ट चकाकत होते. नामपल्लीतील आमच्या गोदामात ते एका मेजावर ठेवले गेले. मुलांनी स्पार्क प्लग काढून शाफ्ट हाताने फिरविला, तेव्हा पुढील कोठीतून तीन ठसठशीत फुत्कार आले. मागील कोठीतून मात्र श्वास सुटावा तसा क्षीण आवाज आला. त्या क्षणी मुलांचे चेहरे उतरले. इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढील चार महिन्यांत आम्ही त्यांच्यासमवेत जे शिकलो, तेच येथे सांगत आहोत.

२. यंत्राची रचना

पिस्टनच्या इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली होतो आणि क्रँक त्या हालचालीचे फिरणे बनविते. रोटरी इंजिनात मुख्य भाग मुळातच फिरता आहे. कमरेशी किंचित आवळलेल्या लंबगोलासारखी एक पोकळी असते. तिला आपण कोठी म्हणू. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो, तो रोटर. रोटरची तिन्ही टोके कोठीच्या भिंतीस सदैव लागून असतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात. रोटर फिरतो तसे हे कप्पे मोठे-लहान होतात, आणि शोषण, दाब, स्फोट व उत्सर्जन ही चारही कार्ये त्यांत ओळीने घडतात. झडपा नाहीत, त्यांचे दांडे नाहीत. रोटरचा एक फेरा होईतो मधला शाफ्ट तीन फेरे घेतो. म्हणजे शाफ्टचे मिनिटास ६,००० फेरे असता रोटरचे केवळ २,००० होतात.

हे सारे ज्या एका गोष्टीवर उभे आहे ती म्हणजे हवाबंदी. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकास खाच असते. तिच्यात स्प्रिंगच्या आधारावर एक पातळ पट्टी बसते. तिला टोकाची पट्टी म्हणू. बाजूंच्या सपाट लोखंडी तबकड्यांवर घासणाऱ्या बाजूच्या पट्ट्या निराळ्या, आणि दोहोंचा सांधा मिटविणाऱ्या कोपऱ्यातील गोल गुटक्या निराळ्या. मॅझदाच्या एका रोटरवर टोकाच्या पट्ट्या ३, बाजूच्या पट्ट्या ६ आणि कोपऱ्यातील गुटक्या ६ असतात. त्यांखेरीज तेल रोखणाऱ्या कड्या, आणि कोठी व तबकडी यांच्यामध्ये पाणी अडविणाऱ्या रबरी कड्या.

टोकाच्या पट्टीचे आयुष्य कष्टाचे आहे. पिस्टनची रिंग प्रत्येक खेपेस दोन टोकांशी क्षणभर थांबते. ही पट्टी कधीच थांबत नाही. शिवाय ती भिंतीशी एकाच कोनात राहत नाही. १३बी नावाने प्रसिद्ध असलेल्या मॅझदा इंजिनात रोटरची त्रिज्या १०५ मिलिमीटर व शाफ्टचे उत्केंद्र १५ मिलिमीटर आहे. या मापांवरून पाहता पट्टी दोन्ही बाजूंस सुमारे २५ अंशांपर्यंत कलत कलत घासत जाते. जळणाऱ्या वायूची उष्णता एका अंगास, थंड मिश्रण दुसऱ्या अंगास, आणि वंगण म्हणून मोजून सोडलेले थेंबभर तेल!

३. झिजेशी झालेला झगडा

या इंजिनाचा इतिहास हा बव्हंशी याच पट्टीचा इतिहास होय. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन एन. एस. यू. या कारखान्यात १ फेब्रुवारी १९५७ रोजी चालले. त्याच कारखान्याने १९६७ मध्ये आरओ ८० ही डौलदार मोटार बाजारात आणली. परंतु तिच्या टोकाच्या पट्ट्या अकाली झिजू लागल्या, हमीपोटी इंजिनामागून इंजिने बदलून देण्याची पाळी कारखान्यावर आली, आणि १९६९ मध्ये तो स्वतंत्र न राहता दुसऱ्या मोटार कंपनीत विलीन झाला. बोटाएवढ्या पट्टीने एका नामांकित पेढीचा ताळेबंद हलविला, हे व्यापाऱ्यांनी ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

जपानात हिरोशिमा येथील मॅझदा कारखान्यात केनिची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचे पथक याच प्रश्नास भिडले. त्यांच्या प्रयोगांत कोठीच्या गुळगुळीत भिंतीवर आडव्या लाटांसारखे चरे उमटत. त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. पट्टी विशिष्ट कंपनाने थरथरते व प्रत्येक थरथरीगणिक भिंत कोरते, असे कारण निष्पन्न झाले. पट्टीचे द्रव्य व घडण बदलून, ॲल्युमिनियम मुरविलेल्या कार्बनची पट्टी वापरून त्यांनी मार्ग काढला, आणि ३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट ही मोटार विक्रीस आली. पुढे १९९१ मध्ये फ्रान्समधील ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत चार रोटरच्या मॅझदाने पहिला क्रमांक मिळविला. त्या इंजिनाच्या पट्ट्या सिरॅमिकच्या होत्या.

ही विद्या परक्यांचीच राहिली असे मात्र नाही. लष्कराच्या ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन भारतात घडविण्यात आले. त्यात महाराष्ट्रातील अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेचा मोठा वाटा होता. प्रज्वलन, इंधनपुरवठा आदी व्यवस्था तेथे सिद्ध झाली. इंजिनाचा गाभा बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, आणि उड्डाणाची चाचणी तेथीलच वैमानिकी विकास आस्थापनेने पार पाडली. सुमारे ३० किलो वजनाच्या या इंजिनासह निशांतने ५ एप्रिल २००९ रोजी कोलारनजीक उड्डाण केले व ३५ मिनिटांनी ते सुखरूप उतरले. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट ही की, कोठीच्या भिंतीवर निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांच्या मिश्रणाचा खास लेप देण्याची कला येथेच साधावी लागली. भिंत टिकली तर इंजिन टिकेल, हे सूत्र त्या लेपामागे होते.

४. येथे ओव्हरसाइज नाही

आपले कारागीर पिस्टनच्या इंजिनाची झीज कशी काढतात हे सर्वांस ठाऊक आहे. सिलिंडर झिजला की तो दहा, वीस, तीस थाऊ मोठा बोअर करतात व तेवढ्या ओव्हरसाइजचा पिस्टन घालतात. तेही सरले की नवी स्लीव्ह ठोकतात. झीज जणू मागच्या खात्यातून पुढच्या खात्यात ओढली जाते.

रोटरी इंजिनात ही सोय नाही. कोठीची वक्ररेषा रोटरच्या त्रिज्येशी आणि शाफ्टच्या उत्केंद्राशी गणिताने बांधलेली आहे. भिंत खरडून मोठी केली, तर तिच्याजोगता मोठा रोटर बाजारात मिळत नाही. तेव्हा भिंत एक तर मर्यादेत चांगली असते, नाही तर तिला पुन्हा लेप चढवावा लागतो, नाही तर ती बदलावी लागते. म्हणूनच रचनाकारांनी पट्टी स्वस्त व बदलण्याजोगी ठेवून झिजेचा भार तिच्याकडे दिला. पट्टी वेळेवर बदलली तर कोठी वाचते. पट्टी बदलण्याचे पैसे वाचविले तर ते कोठीच्या किमतीने फेडावे लागतात. हा या पाठाचा गाभा होय.

५. उघडणे व मोजणे

मुलांनी प्रथम दोन ताटे घेतली. एक पुढील रोटरचे, एक मागील रोटरचे. प्रत्येक पट्टी, प्रत्येक स्प्रिंग कोणत्या टोकाची हे चिठ्ठी लावून त्या त्या ताटात ठेविले. हा नियम कधीही मोडू नये. भाग एकमेकांत मिसळले की झिजेची कथा वाचता येत नाही. खाचेतील काजळी काढताना पोलादी पात्याने ओरबाडू नये. खाच रुंदावली तर रोटरच निकामी होतो.

मग मोजमाप. पुढील अंक १९८६ ते १९९१ या काळातील आरएक्स-७ मोटारीच्या १३बी इंजिनाचे आहेत. अन्य इंजिनास त्याचे स्वतःचे पुस्तक पाहावे.

टोकाच्या पट्टीची उंची नवेपणी ८ मिलिमीटर, आणि ६.५ च्या खाली गेली की ती बाद. पट्टी व खाच यांमधील मोकळीक ०.१५ मिलिमीटरपर्यंत चालते. बाजूची पट्टी व कोपऱ्यातील गुटकी यांतील फट नवी बसविताना ०.०५ ते ०.१५ असावी, ०.४० च्या पुढे ती अक्षम्य. बाजूच्या तबकडीवर पट्ट्या घासून जी पायरी पडते ती ०.१० पर्यंत, आणि तबकडीचा वाकडेपणा ०.०४ पर्यंत सोसतो. कोठीची जाडी ठिकठिकाणी मोजून पाहावी, फरक ०.०६ हून अधिक आढळल्यास इंजिन कधीतरी अतितप्त होऊन कोठी वाकली असे समजावे.

आमच्या मेजावरील इंजिनाचा निकाल असा लागला. पुढील रोटरच्या तिन्ही पट्ट्या ७ मिलिमीटरच्या वर भरल्या. मागील रोटरच्या ६.४, ६.३ व ६.२! त्या कोठीच्या कडेचा क्रोम पापुद्र्यासारखा सुटला होता, आणि त्यावरून धावणारी पट्टी करवतीसारखी दातेरी झाली होती. तबकड्यांवरील पायरी मात्र ०.०८ च्या आत होती. पाण्याच्या रबरी कड्या कोऱ्या करकरीत निघाल्या. म्हणजे विकणाऱ्याने इंजिन उघडले होते, आत काय आहे ते त्याने पाहिले होते, आणि रबर बदलून, वर रंग देऊन ते पुन्हा मिटविले होते. हे उमगले तेव्हा गोदामात कोणी काही बोलले नाही.

६. तीन ढीग

मोजमाप संपल्यावर सर्व भागांचे तीन ढीग करावेत : राखण्याचे, दुरुस्तीचे, आणि टाकण्याचे.

राखण्याच्या ढिगात मर्यादेतील रोटर, शाफ्ट व तबकड्या येतात. ते स्वच्छ करून तेल लावून कागदात गुंडाळावेत.

दुरुस्तीच्या ढिगात विचार फार लागतो. तबकडीवरील पायरी घासून सपाट करता येते. परंतु पुढील काळातील तबकड्यांचा पृष्ठभाग नायट्राइड करून कठीण केलेला असतो आणि तो थर पातळ असतो. घासताना तो गेला तर तबकडी सपाट दिसते, पण लवकर झिजते. तेव्हा हे गिऱ्हाइकास सांगूनच करावे. रोटरची खाच रुंदावली असल्यास ती यंत्रावर कापून, २ ऐवजी ३ मिलिमीटरची पट्टी बसविण्याची रीत आहे. रोटरमधील बेअरिंग दाबयंत्राने काढून नवे घालता येते. कोठीचा सुटलेला क्रोम संपूर्ण उतरवून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप देणे शक्य असते. मात्र लेपानंतर मूळ वक्ररेषेवर नेमके घासण्याचे साधन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच ते करून घ्यावे. हायड्रॉलिकच्या दांड्यांवर क्रोम चढविणारा साधा कारखाना गोल दांडा उत्तम करील, ही वक्ररेषा त्यास साधणार नाही. पृष्ठभागावर कठीण लेप फवारून झिजलेले भाग टिकाऊ करण्याच्या विद्येवर आपल्याच शहरात, बाळापूरच्या ए. आर. सी. आय. या केंद्रात, संशोधन होत आले आहे. या क्षेत्रात नवा धंदा शोधणाऱ्या तरुणांनी तिकडे लक्ष द्यावे.

टाकण्याच्या ढिगास दया दाखवू नये. मर्यादेखालील पट्ट्या, बसलेल्या स्प्रिंगा, सर्व रबरी कड्या, वाकलेली कोठी हे भाग पुन्हा बसविले जाऊ नयेत. ते कोणास ‘चालू’ म्हणून विकले तर मुळीच जाऊ नयेत.

आमच्या मुलांस मागील कोठी बदलावी लागली. वापरलेली पण चांगली कोठी मिळविण्यात तीन महिने गेले. आणि सर्व पट्ट्या, स्प्रिंगा व कड्या यांसह एकूण खर्च मूळ इंजिनाच्या किमतीहून अधिक झाला.

७. जुळणी व परीक्षा

जुळणीचे काम घाईचे नाही. बाजूची पट्टी तिच्याच खाचेत ठेवून, एका टोकास कानस हलकेच लावून, फट फीलर गेजने पाहत पाहत बसवावी. लांब बोल्ट टॉर्कच्या पान्याने, पुस्तकात दिलेल्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. एकाच बाजूने आवळत गेल्यास पाण्याची कडी चेंगरते. शाफ्टची पुढे-मागे हालचाल ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर राहील असा मधला तुकडा निवडावा.

परीक्षेस दाबमापक लावावा. मिनिटास २५० फेऱ्यांच्या गतीला प्रत्येक कप्प्याचा दाब चौरस सेंटिमीटरला निदान ६ किलो यावा, आणि कप्प्याकप्प्यांतील फरक १.५ किलोहून अधिक नसावा. तीन कप्पे स्वतंत्रपणे दाखविणारा मापक वापरावा. साधा मापक तिघांतील सर्वांत मोठाच अंक दाखवितो, आणि दुबळा भाऊ सबळ भावाच्या आड लपून राहतो.

त्यापुढील निगा थोडक्यात तीन गोष्टींची. तेल सोडणारा छोटा पंप चालू असावा. इंजिन अतितप्त होऊ देऊ नये. आणि हलके इंधन वा चुकीचे प्रज्वलन यांमुळे आत ठोके बसू देऊ नयेत, कारण दोन मिलिमीटरची पट्टी एका जोरदार ठोक्याने तुटते आणि तुटलेला तुकडा कोठी चिरून बाहेर पडतो.

८. मापपत्र

इंजिन चालले त्या सायंकाळी मुलाचे आजोबा गोदामात आले होते. सहा फुत्कार समान ऐकून त्यांनी मान डोलविली, मग ते जुने बिल मागून घेतले आणि एवढेच विचारले, “यावर मापे का नाहीत?” मुलगा म्हणाला, “आजोबा, आम्ही मागितलीच नाहीत.” आजोबा म्हणाले, “तराजू न पाहता धान्य घेतलेस, आणि दोष केवळ मापाऱ्याचा?” त्यांनी विक्रेत्यास निर्दोष ठरविले असे नाही, मुलाच्या शिकण्यातील उणीव तेवढी दाखविली.

‘ओव्हरहॉल केलेले’ हा शब्द मापावाचून पोकळ आहे. त्यात रंगही बसतो आणि संपूर्ण जीर्णोद्धारही बसतो. म्हणून आम्ही सभासदांपुढे एक साधी सूचना ठेवितो. पुनर्बांधणी केलेले कोणतेही यंत्र, मग ते रोटरी इंजिन असो, शेतावरील पंप असो वा गिरणीची मोटार असो, विकताना वा दुरुस्त करून देताना बिलासोबत एक मापपत्र द्यावे. त्यात चार रकाने असावेत : भागाचे नाव, पुस्तकातील मर्यादा, उघडल्यावर आढळलेले माप, आणि बसविलेल्या भागाचे माप. खाली दाबाची परीक्षा व मोजणाऱ्याची सही. यास एक कागद आणि अर्धा तास लागतो.

यात आपला तोटा होईल असे कोणास वाटेल. कारण मापपत्र लिहावयाचे म्हटले की ६.२ ची पट्टी लपविता येत नाही. परंतु त्याच गोदामातील चार मुले उद्या कारखान्यांत खरेदी करणारे अधिकारी होतील. बिलावर मापे देणारी पेढी त्यांच्या स्मरणात राहील. न देणारीही राहील.

ते मापपत्र, मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेले, आम्ही आमच्या पेढीवर चौकटीत लावले आहे. ज्या सभासदांस नमुना हवा असेल त्यांनी येऊन उतरवून घ्यावा.